पालकाला टाटा, गवारीला या या

होळी झाली की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, माझा पालक असा उंचच उंच का चाललाय आणि पानं बारीक का पडली? आणि मग त्याखाली सल्ले सुरू, कुणी म्हणतं युरिया टाका चिमूटभर, कुणी म्हणतं ताक ओता, कुणी केळ्याच्या सालीचं पाणी (ते तर प्रत्येक प्रश्नाला). अहो काही टाकू नका. पालक तुऱ्यावर आलाय, त्याचं काम झालं. दिवस मोठा झाला आणि ऊन तापलं की पालक, कोथिंबीर, मुळा, मेथी ही सगळी मंडळी पानं वाढवायचं सोडून फुलं आणि बी धरायच्या मागे लागतात आणि एकदा का त्यांनी ते मनावर घेतलं की तुम्ही काहीही करा, ती मागे फिरत नाहीत. उपटा आणि कंपोस्टमध्ये टाका. कोथिंबिरीची दोनचार झाडं मात्र फुलू द्या, त्या पांढऱ्या बारीक फुलांवर मधमाश्या जाम येतात आणि पुढे वेलांना त्यांचीच गरज लागणारे, शिवाय धणे मिळतात ते वेगळेच.

माझं उन्हाळ्यातल्या बागेबद्दल खरं तर एवढंच म्हणणं आहे, थंडीतली बाग उन्हाळ्यात ओढत नेऊ नका. लोक एप्रिलमध्ये बाग जगवायची म्हणून दोन दोन वेळा बादल्या वाहतात आणि ते सगळं पाणी जातं पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉवर, लेट्यूस असल्या झाडांना जी कितीही केलं तरी मेमध्ये दिसणार नाहीयेत. फेब्रुवारीच्या शेवटी नर्सरीत फुलांनी गच्च भरलेला पिटुनिया स्वस्तात मिळतो, दिसतो इतका गोड की हात जातोच, पण त्याच पैशात झिनियाचं आणि पिवळ्या कॉसमॉसचं बी येतं, एक ऑफिस टाइमची (म्हणजे पोर्चुलाकाची) छोटी कुंडी येते, आणि ही तिन्ही उन्हाला हसत बसतात. सदाफुलीला तर विकतसुद्धा आणायला लागत नाही, कुणाच्या तरी भिंतीच्या फटीतून उपटून आणायची. बोगनवेलीचं तर उलटंच, पाणी थोडं तोडलं की जास्त फुलते, लाड केले की नुसती पानं काढत बसते.

आम्ही साताऱ्यात राहतो. घरामागं छोटं परस आहे, त्यात एक कडीपत्ता, अळू आणि धुण्याच्या दगडापाशी पुदिना, बाकी सगळा संसार गच्चीवर. गच्चीचा स्लॅब एप्रिलात दुपारी तव्यासारखा तापतो, अनवाणी दोन पावलं टाकता येत नाहीत, त्यामुळे कुंड्या सगळ्या विटांवर. खालून हवा खेळली की मुळं भाजत नाहीत आणि जास्तीचं पाणी पण निघून जातं. काळ्या ग्रो बॅग आणि डबे असतील तर बाहेरून चुना मारून टाका, पांढरा रंग ऊन परतवतो, दिसतं जरा विचित्र पण चालतंय. मातीच्या कुंड्या मला सगळ्यात आवडतात, त्या पाझरतात म्हणून आतली माती गार राहते, पण त्याच कारणानं लवकर सुकतातही, म्हणजे कुंडी मातीची असेल तर पाणी रोज आणि प्लास्टिकची असेल तर आधी बोट खुपसून बघायचं. वरचा एक पेर कोरडा आणि खाली ओल असेल तर पाणी नको.

आणि हो, दुपारी दोनला गच्चीवर जाऊन घाबरू नका. दुधी, काकडी, दोडका यांची पानं भर दुपारी मान टाकतात, अगदी संपल्यासारखी दिसतात. मातीत ओल असेल तर संध्याकाळी सहाला जाऊन बघा, परत ताठ. मोठी पानं आहेत, मुळं पाणी वर चढवतात त्यापेक्षा जास्त वेगानं पानातून उडतं, म्हणून झाड स्वतःच पान खाली करून घेतं. सकाळी सातला जर पान मान टाकलेलं असेल तर मात्र खरंच तहान आहे नाहीतर मूळ कुजलंय. सासूबाई मला नवीन असताना म्हणायच्या, "आगं दुपारचं पाणी दिऊ नगंस, बुडवशील त्याला," तेव्हा वाटायचं जुनी समजूत असेल, पण भर उन्हात पाणी दिलं की बरंचसं वरच्या वर उडून जातं आणि तापलेल्या मातीत जे उरतं ते कोमट होतं. मी सकाळी ऊन चढायच्या आत देते, एवढंच. मेमध्ये छोट्या कुंड्यांना संध्याकाळी परत थोडंसं.

आता सावलीचं. यात लोक गडबडतात ते सूर्य सरकतो हे लक्षात न घेतल्यामुळं. जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला लागून आतल्या बाजूला चांगली दोन-सव्वादोन फूट सावली मिळते. आपण नाजूक कुंड्या तिथं मांडून ठेवतो आणि निर्धास्त होतो. मार्चच्या शेवटी ती सावली फूटभर उरते, आणि मे उजाडला की काहीच नाही. साताऱ्यात १० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो, सावंतवाडीकडे तो ३ मेच्या सुमाराला आणि नागपूरला थेट २६ मेच्या सुमाराला. त्यानंतर काही आठवडे सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो. याचा एक मजेशीर परिणाम म्हणजे फ्लॅटमधली उत्तरेकडची बाल्कनी, जिथं थंडीभर ऊन फिरकत नाही, तिथं मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, कारण सूर्य उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. मनी प्लांट, फर्न असलं काही तिथं ठेवून गावाला गेलात तर परत आल्यावर पानं करपलेली सापडणार. तेव्हा आता एकदा, आणि एप्रिलच्या शेवटी परत एकदा, दुपारी गच्चीवर जाऊन ऊन कुठं पडतंय ते डोळ्यांनी बघा आणि कुंड्या हलवा.

शेडनेट ५० टक्केवाली, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी घ्या, ७५ ची घेतली तर भाज्या उंच लुकड्या होतात. आणि ती सगळ्या गच्चीवर ताणायची काही गरज नाहीये. मिरची, वांगं, पुदिना, कोथिंबीर (पेरायचीच असेल तर), नवीन रोपं एवढ्यांना दुपारी बारा ते चार सावली मिळाली की भागतं. मी नेटच्या जोडीला सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाची एक झालर पश्चिमेकडून बांधते, कारण तीन-साडेतीनचं तिरपं ऊन सगळ्यात जास्त भाजतं आणि वरच्या नेटनं ते अडत नाही. भेंडी, गवार, चवळी, मोगरा, झिनिया यांना नेटखाली अजिबात ठेवू नका हं. त्यांना ऊन पाहिजे, अगदी पोटभर.

सावलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे माती झाकणं. उघडी माती उन्हाळ्यात ठेवायचीच नाही. आमच्याकडं ऊस पट्टा, नवऱ्याच्या मामांच्या रानात तोडणी झाली की पाचट (उसाची वाळलेली पानं) ढिगानं पडलेलं असतं, पूर्वी पेटवून द्यायचे, आता बरेच जण कुजवतात, त्यातलंच पोतंभर आम्ही उचलून आणतो. हातानं मोडून कुंडीत तीन-चार बोटं जाड थर. शहरात पाचट कुठून आणायचं म्हणाल तर रसवंतीवाला आहे की. मार्चपासून कोपऱ्याकोपऱ्यावर कानिफनाथ नाहीतर नवनाथ रसवंती असतेच, संध्याकाळी चिपाडांचा ढीग पडलेला असतो, मागितला की देतात, उलट म्हणतात न्या ताई. फक्त आणल्या आणल्या कुंडीत घालू नका, साखर असते, मुंग्यांची जत्रा भरते. दोनतीन दिवस उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग वापरायची. मुंबईत वांद्र्याला डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर भाज्या पिकवायला हीच चिपाडं वापरली होती, मातीला पर्याय म्हणून, वजनाला हलकी आणि ओल धरून ठेवणारी. नारळाच्या शेंड्या, वाळलेला पाला, भुईमुगाची टरफलं, काहीही चालतं. झाकलेल्या कुंडीत आणि उघड्या कुंडीत दुपारी एकदा बोट घालून बघा, मग मला विचारू नका की खरंच फरक पडतो का.

पाण्याचं अजून एक. आरओचं वाया जाणारं पाणी लोक झाडांना घालतात, वाया जाऊ नये म्हणून, भावना बरोबर आहे, पण त्यात क्षार जास्त असतात आणि उन्हाळ्यात पाणी उडून क्षार मागे राहतात, कुंडीच्या कडेला पांढरं साचतं ते तेच. सरसकट तेच घालू नका, साध्या पाण्यात मिसळून घाला आणि मधूनच एकदा भोकातून वाहेपर्यंत साधं पाणी सोडा म्हणजे क्षार धुऊन जातील. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी बिनधास्त. एसीचं पाणी तर जवळजवळ शुद्धच, हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं.

पेरायचं काय? गवार, भेंडी, चवळी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर. गवारीला थंडी अजिबात चालत नाही, जमीन गार असली तर बी नुसतं बसून राहतं, ऊन लागलं की आठवड्यात वर. खत फारसं मागत नाही, शेंगवर्गी आहे, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तिला शेणखत जास्त घातलं तर झाड पोसतं आणि शेंगा कमी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा, साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिली तोडणी, आणि एकदा सुरू झाली की दिवसाआड तोडायचीच, दोन दिवस विसरलात की बोटाएवढी भेंडी लाकूड. चारपाच झाडांनी काही होत नाही, चौघांच्या घराला एका वेळची भाजी पाहिजे तर निदान पंधरा झाडं हवीत, हे कुणी सांगत नाही, सगळे एकेका भेंडीचे फोटो टाकतात! बी घेताना परभणी क्रांती मिळाली तर बघा, परभणीच्या कृषी विद्यापीठाची जुनी जात आहे, हळद्या रोगाला बऱ्यापैकी टक्कर देते. हा हळद्या, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडतात तो, व्हायरस आहे आणि पांढरी माशी तो पसरवते, एकदा आला की औषध नाही, झाड उपटायचं.

तांबडा माठ आणि राजगिरा हे खरे उन्हाळ्याचे पालक. महिन्याभरात खुडायला येतात, मुळापासून न उपटता वरून खुडले की परत फुटतात. लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, वरून ओलं खोबरं, ज्वारीची भाकरी. मला त्यापुढं पालक पनीर आठवतही नाही.

टोमॅटोबद्दल थोडक्यात, नका लावू आता. पारा ३५ च्या वर आणि रात्रही उबदार असली की परागकण निकामी होतात, फुलं येतात आणि गळतात. आधीची फळं झाडावर असतील ती पण नीट लाल होत नाहीत, पिवळट नारिंगीच राहतात, कारण तो लाल रंग फार उष्णतेत तयारच होत नाही. अर्धवट रंग आला की तोडून घरात ठेवा, सावलीत पिकतील. झाड जगवायचंच असेल तर नेटखाली ठेवा, जूनपासून परत धरेल, पण मी तरी ती जागा काकडीला देते.

वेलांची गंमत मात्र मला वर्षातून या दोन महिन्यांतच मिळते. पहिले दोन-तीन आठवडे दुधी, दोडका, काकडी यांना नुसती नर फुलं येतात, लोक वैतागतात, फुलं गळतात हो ताई. गळू देत, नर फूल गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं, फुलाच्या मागं बारीकसं फळ आधीच असतं, दुधीचं बाळ, दोडक्याचं बाळ. जितकी उष्णता जास्त तितकी नर फुलं जास्त आणि मादी कमी, हे या सगळ्या कुळाचंच आहे, तेव्हा एप्रिलात आलेलं एकेक मादी फूल महत्त्वाचं. आणि इथं वेळ चुकवून चालत नाही. काकडी, कारलं सकाळी उमलतात, भोपळा तर अगदी पहाटे, पण दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं. गंमत म्हणजे दोडक्याचं सख्खं भावंड घोसाळं, ते सकाळचं. म्हणजे तुम्ही सकाळी ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर फूल मिटलेलं, वेळ गेलेली. मी ऑफिसमधून आले की चहा घेऊन वर जाते, साडेसहाला एक ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं मुडपायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हातानं फिरवायचा, बस. आठवड्यात बाळ फुगलं तर धरलं समजा, पिवळं पडून गळलं तर नाही. आमच्या गल्लीत दिवे जास्त आणि पतंग कमी झालेत त्यामुळे संध्याकाळच्या फुलांचं काम हातानंच करायला लागतं असं माझं मत आहे. सकाळच्या फुलांना मधमाश्या येतात, भुंगे येतात, तिकडं मी लुडबूड करत नाही.

काकडी या दिवसांत कडू निघते, पाणी कधी कमी कधी जास्त झालं आणि ऊन खूप असलं की कडूपणा वाढतो, देठाकडं आणि सालीत जास्त. पाणी सारखं ठेवा, कोवळी तोडा. दुधीच्या बाबतीत मात्र थट्टा नाही, चिरताना तुकडा जिभेला लावून बघा आणि कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

किडींचं फार काही लिहीत नाही, यूट्यूबवर ढीग पडलाय. चवळीच्या शेंगांवर काळा मावा येतो, मुंग्यांची रांग दिसली की समजायचं मावा आला, मुंग्या त्याच्या गोड चिकटासाठी त्याची राखण करतात. पाण्याचा जोरात फवारा, दोनतीन दिवस लागोपाठ. बाजूला लेडीबर्डच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या तर हात लावू नका, त्या मावा खातात, बिचाऱ्यांना लोक कीड समजून चिरडतात. कोरड्या उन्हात लाल कोळी येतो, पानाच्या खाली, बारीक जाळं, त्यालाही पानाखालून पाणीच. नीमतेल लिटरला ५ मिली आणि थोडा लिक्विड सोप, पण संध्याकाळीच. सकाळी दहाला मारलंत तर दुपारपर्यंत पानं भाजलेली असतात.

आता माझा लाडका. मोगरा.

मोगऱ्याला एप्रिलात कळ्या याव्यात म्हणून खरं काम जानेवारी-फेब्रुवारीतच झालेलं असतं, पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, एक तृतीयांश छाटायचा, मुळापाशी माती उकरून शेणखत, आणि मग पाणी चालू. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटणी. ज्यांनी नाही केली त्यांनी आता निदान शेंडे खुडा, प्रत्येक बहर संपला की फुलं गेलेले शेंडे दोन पानांनी मागं कापायचे की परत फूट आणि परत कळ्या, असं पावसापर्यंत चालतं. ऊन सहा तास तरी पाहिजे, सावलीतला मोगरा नुसता हिरवागार बसतो. बोअरचं पाणी जड असेल तर नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसतात, ते लोह कमी पडल्याचं लक्षण, चिलेटेड आयर्न मिळतं दुकानात, पाकिटावर दिलंय तेवढंच फवारा.

कळ्या तोडायच्या चार-पाच वाजता, टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्या. उमललेली फुलं तोडायला गेलात तर वास अर्धा गच्चीवरच राहतो. चैत्रगौर बसलेली असते, महिनाभर कुणाकडं ना कुणाकडं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं, आणि प्रत्येकीच्या ओटीत मोगऱ्याची फुलं. सासूबाई गजरा करतात सुई न घेता, नुसत्या दोऱ्याच्या गाठींनी, मी कितीदा शेजारी बसून बघितलं तरी माझ्या गाठी सुटतात, मग मी सरळ वाटीभर फुलं पाण्याच्या माठात टाकते. वाळ्याची जुडी पण टाकते. फ्रीजचं पाणी मग कुणी विचारत नाही.

मे फ्लॉवरची कुंडी असेल तर ती मातीची रिकामी कुंडी समजून कुणी पालथी घालू नये म्हणून चिठ्ठी लावून ठेवा. कंद आत झोपलेला असतो, वर काही दिसत नाही, आणि एखादा वळीव येऊन गेला की मातीतून थेट लाल चेंडू वर. आमच्याकडं वळीव आला की गारा पण येतात, त्या दिवशी नेट सैल सोडायची, ताणून बांधली तर गारांच्या वजनानं खांबासकट खाली येते.

अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी घालायची पद्धत आहे आमच्याकडं, त्या दिवशी लावलेलं भरभरून येतं म्हणतात. माझ्या अनुभवानं येतं कारण पुढं महिन्याभरात पाऊस असतो आणि वेल तोवर मांडवावर चढलेला असतो, पण कारण काही का असेना, मी लावतेच. पावसाळी दोडका, कारलं, पडवळ, भोपळा. आणि हळद. गेल्या वर्षीचे कंद कोपऱ्यात वाळूत ठेवलेत, डोळे फुटायला लागले असतील, ते बोटभर खोल, मोठ्या पसरट टबात, वर परत पाचट. तिला अर्धी सावली चालते त्यामुळे कुंडीतल्या लिंबाच्या सावलीत जागा काढलीये. हळदीची पानं मोठी झाली की नागपंचमीला पातोळ्या.

मोगऱ्याच्या फांद्या ज्यांनी मागितल्यात त्यांनी जुलैपर्यंत थांबा, आत्ता लावून सुकतील. माठाचं बी मात्र भरपूर आहे, घरी येऊन घेऊन जा, येताना रिकामी बाटली आणा.